सँडरने घासूनही लाकडावर वेटोळी उमटतात? मशीन उघडण्याआधी डिस्क उलटून बघा

घासून झालेलं असतं. हात फिरवला तर फळी लोण्यासारखी लागते. मग स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा पहिला हात मारायचा, आणि दोन मिनिटांत फळीभर बारीक बारीक वेटोळी वर येतात, जणू कोणी स्प्रिंग उलगडून लाकडावर दाबली आहे. लगेच मला फोन येतो, ‘मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे, जरा बघता का?’

मी बघतो. फर्निचर घासून पॉलिश करणं हे माझं रोजचं काम, आणि ओळखीपाळखीच्यांचे सँडर ठीक करून देणं हा त्याला चिकटलेला उद्योग. इतक्या वर्षांत हीच तक्रार इतक्या वेळा आली आहे, की आता मी मशीन घेऊन या म्हणण्याआधी त्यांनी वापरलेली डिस्क, म्हणजे पॅडला चिकटवायची सँडपेपरची गोल चकती, घेऊन या म्हणतो. मशीन खरंच बिघडलेलं क्वचितच निघतं. चुकीची डिस्क, संपलेली डिस्क किंवा दोन डिस्कांमधली चुकलेली पायरी, दोष बहुतेक वेळा यातच सापडतो.

इथे रँडम ऑर्बिटल सँडरबद्दल लिहितोय, म्हणजे ज्याचं गोल पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय छोट्या छोट्या घिरट्याही घालतं, ते मशीन. वेलक्रोने चिकटणाऱ्या १२५ किंवा १५० मिमीच्या डिस्का यालाच लागतात.

आधी लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते यात शोधा. सगळ्या चरांचं कारण एक नसतं.

– सुटी, ठळक वेटोळी. आजूबाजूचं लाकूड चांगलं, मधूनच एखादी स्प्रिंग.
– सगळीकडे सारखीच बारीक चरांची जाळी. स्टेन लावला की पृष्ठभाग गढूळ दिसतो.
– मोठे कमानीसारखे ओरखडे, जवळजवळ पॅडच्याच गोलाईचे. बहुधा मशीन जिथे टेकवलं तिथेच.
– डिस्क काही मिनिटांतच गुळगुळीत होते, तिच्यावर पांढरे किंवा तपकिरी ठिपके धरतात.
– डिस्क चालू कामात उडून जाते किंवा कडेने फाटते.
– लाकूड घासलंच जात नाही, नुसतं तापतं, चकाकतं, कधी काळपट डागही पडतो.

पहिल्या आणि तिसऱ्या लक्षणातला फरक पट्टी लावून कळतो. मशीनच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात ऑर्बिट, म्हणजे घिरटीचा व्यास, किती ते दिलेलं असतं, २.५ मिमी, ३ मिमी, ५ मिमी असं काहीतरी. पॅडवरचा प्रत्येक दाणा तेवढ्याच व्यासाच्या घिरट्या घालत असतो. म्हणून वेटोळ्याची रुंदी तुमच्या ऑर्बिटएवढी भरली, तर डिस्कवरचा किंवा डिस्कखाली अडकलेला एखादा दाणा गुन्हेगार आहे. ओरखडा हाताच्या पंजाएवढ्या गोलाईचा असेल, तर पॅड नुसतं गरगर फिरतंय किंवा तुम्ही मशीन कडेवर तिरपं धरताय. पुढचे निम्मे प्रश्न या एका मोजमापात सुटतात.

चरे दिसतील असं करा (खर्च शून्य)

डोक्यावरच्या दिव्यात चरे दिसत नाहीत. खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. प्रत्येक चराची सावली पडते. कोरं लाकूड असेल तर मिनरल टर्पेंटाइनने फडकं ओलं करून पुसा. ओलं असेपर्यंत लाकूड पॉलिश केल्यासारखं दिसतं आणि लपलेली वेटोळी बाहेर येतात. (खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि ते उडून गेल्याशिवाय सँडर चालू करायचा नाही.) हे प्रत्येक नंबरनंतर केलं तर स्टेन लावल्यावर रडायची वेळ येत नाही. (नंबर म्हणजे डिस्कच्या पाठीवरचा दाण्याचा आकडा. आकडा मोठा, तितका दाणा बारीक.) मी स्वतः हे फार उशिरा शिकलो.

डिस्क उलटून बघा

प्लग काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा, आणि डिस्क सोलून उजेडात धरा. बोटाने नाही, आधी डोळ्यांनी.

मागे एकाने आणलेली डिस्क आठवते. १८० नंबरची, जवळजवळ कोरी. टेबलाचा सगळा टॉप तिने घासला होता आणि सगळ्या टॉपवर वेटोळी. डिस्क तिरपी धरली तर कडेपासून दोन बोटांवर एकच चकाकता ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. नखाने टोकरला तर काचेसारखा कडक. जुन्या वार्निशचा कण घासताना वितळला, डिस्कला चिकटला आणि थंड झाल्यावर दगड झाला. बाकी सगळे दाणे आपापलं काम नीट करत होते. हा एकटा त्यांच्यापेक्षा उंच, त्यामुळे मशीन फिरेल तिथे हा स्वतःची वेगळी रांगोळी काढत होता. डिस्क बदलली, मागच्या नंबरपासून पुन्हा घासलं, प्रश्न मिटला.

असा कडक ठिपका दिसला तर डिस्क फेका. टोकरून वापरू नका, कारण एक दिसला की न दिसलेले दोन असतात.

नुसता भुसा बसला असेल तर गोष्ट वेगळी. डिस्क आणि बेल्ट साफ करायचा क्रेप रबराचा ठोकळा मिळतो. मशीन चालू करून डिस्क त्यावर हलकेच टेकवली की भुसा रबराला चिकटून निघून येतो. डिस्क बरीच जास्त चालते. पण साफ केल्यावर बोटाने चाचपा. दाण्यांची धार लागली नाही तर तिचं आयुष्य संपलंय. डिस्क संपते आणि माणूस मान्य करत नाही, हा या धंद्यातला सगळ्यात जुना आजार. धार गेलेली डिस्क कापत नाही, रगडते. मग आपण जोर लावतो, त्यातून उष्णता वाढते, लाकूड चकाकतं आणि स्टेन धरत नाही.

कड दुमडलेली, फाटलेली किंवा एका बाजूला वाकलेली असेल तरीही बदला. दमट जागेत उघड्या ठेवलेल्या कागदी डिस्का पुरीसारख्या फुगतात आणि कडेनेच लाकडाला लागतात. डबा बंद ठेवायचा, वर सपाट वजन ठेवायचं.

दोन नंबरांच्या मध्ये फळी पुसा

ही तपासणी इतकी सोपी आहे की कोणी करतच नाही. ८० नंबरच्या डिस्कवरचा सरासरी दाणा ०.२ मिमीच्या आसपास असतो, २२० नंबरचा ०.०७ मिमीच्या जवळपास. घासताना दाणे सुटतात आणि फळीवरच पडून राहतात. तुम्ही २२० ची डिस्क लावून मशीन टेकवलं आणि खाली ८० चा एकच सुटा दाणा राहिला असेल, तर तो बाकीच्यांपेक्षा तिप्पट मोठा आहे. डिस्कखाली गडगडत तो स्वतःच्या मापाची वेटोळी पाडत जातो आणि तुम्हाला वाटतं २२० ची डिस्क खराब निघाली.

नंबर बदलताना व्हॅक्यूम फिरवा, नाहीतर ब्रश आणि मग स्वच्छ फडकं. मशीनचं पॅडही पुसा. फुंकर मारू नका. धूळ उडते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते, निम्मी तुमच्या नाकात जाते.

तुमचा हात तपासा

इथे लोकांना राग येतो, पण सांगतो. पॅडच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढा. आता मशीन फळीवर टेकवून नेहमीसारखं घासा आणि रेघेकडे बघत राहा. रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती जागच्या जागी थरथरत असेल, तर तुम्ही इतकं दाबताय की पॅडचं फिरणं बंद पडलंय आणि फक्त घिरट्या उरल्या आहेत. ‘रँडम’ या शब्दातली सगळी करामत त्या फिरण्यात आहे. फिरणं थांबलं की प्रत्येक दाणा पुन्हा पुन्हा त्याच वर्तुळात जातो आणि वेटोळं कोरतो.

मशीनचं वजन अधिक हाताचं वजन, एवढाच दाब. पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला साधारण अडीच सेंटिमीटर. हे करून बघा, असह्य वाटेल इतकं हळू आहे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मशीन सपाट ठेवायचं. एखादा डाग जात नाही म्हणून कडेवर उभं करून कोरलंत, तर डाग जाईल आणि खळगा राहील.

सुरू करताना पॅड लाकडावर टेकवून मग बटण, की आधी बटण मग टेकवायचं, यावर लोक भांडतात. ब्रेक, म्हणजे पॅडला मोकाट फिरू न देणारा रबरी पट्टा, चांगला असलेल्या मशीनला दोन्ही चालतं. मी टेकवून चालू करतो आणि चालू असतानाच उचलतो. मशीन फळीवर असताना बंद केलं तर थांबता थांबता शेवटची घिरटी ते तिथेच कोरून जातं.

डिस्कची भोकं

डिस्कची भोकं पॅडच्या भोकांवर बसली पाहिजेत. १२५ मिमीमध्ये ५ आणि ८ भोकांच्या डिस्का नेहमी दिसतात, १५० मिमीमध्ये ६ पासून पुढे बरेच प्रकार आहेत. ५ भोकांची डिस्क ८ भोकांच्या पॅडवर चिकटते, चालते, आणि धूळ आत ओढलीच जात नाही. धूळ डिस्क आणि लाकडाच्या मध्ये अडकते, डिस्क भरते, तापते, आणि वर सांगितलेले कडक ठिपके तयार होतात. म्हणजे मूळ दोष भोकाचा, आणि शिक्षा १८० नंबरला.

पॅडशी भोकं जुळत नसतील तर जाळीची डिस्क घ्या. तिच्या पूर्ण अंगातून धूळ ओढली जाते, भोकं जुळवायची भानगडच नाही. पण ती लावण्याआधी पॅडवर पातळ संरक्षक चकती लावायची, कारण जाळीतून पॅडवरचे वेलक्रोचे आकडे (हुक) थेट घासले जातात. सोबतची छोटी धुळीची पिशवी निम्मी भरली की रिकामी करा. व्हॅक्यूम जोडता आला तर फारच उत्तम. सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो, डिस्कच्या आयुष्यात आणि तुमच्याही. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, तेव्हा व्हॅक्यूम असला तरी मास्क हवाच.

नंबरांची शिडी

‘सगळीकडे बारीक जाळी’ हे लक्षण असेल तर उत्तर बहुधा इथे आहे. ती जाळी शेवटच्या डिस्कने पाडलेली नसते. आधीच्या नंबरचे चरे पुढच्या नंबरने काढलेच नाहीत, ते तसेच राहिलेत.

सरासरी दाण्याचं माप मायक्रॉनमध्ये बघा: पी८० सुमारे २००, पी१२० सुमारे १२५, पी१८० सुमारे ८०, पी२२० सुमारे ६८, पी३२० सुमारे ४६. ८० वरून १२० वर आलात की दाणा साधारण दोन तृतीयांश होतो, १२० वरून १८० ला पुन्हा तेवढाच. पुढचा दाणा मागच्या चराच्या तळापर्यंत पोचतो आणि तो पुसून टाकतो. ८० वरून थेट २२० वर उडी मारलीत, तर एक तृतीयांश मापाच्या दाण्याकडून तुम्ही खोल चरे काढायची अपेक्षा करताय. तो फक्त चरांच्या माथ्यावर चकाकी आणतो. हाताला गुळगुळीत लागतं, कारण हात माथ्यावरून फिरतो. स्टेन मात्र तळात जाऊन बसतो.

म्हणून एका वेळी एकच पायरी. कोऱ्या, रंधलेल्या लाकडाला १२०, १८० पुरतं, हवं तर २२०. करवतीच्या खुणा किंवा जुना थर काढायचा असेल तेव्हाच ८० किंवा ६०. आणि जिथे थांबायचं तिथे थांबा. स्टेन लावायचा असेल तर २२० च्या पुढे कोरं लाकूड घासू नका, ते रंग कमी पितं. अपवाद फळीच्या टोकाचा, जिथे लाकडाच्या नळ्या कापलेल्या असतात. ते टोक रंग जास्त पितं आणि काळं दिसतं, म्हणून तिथे मुद्दाम एक नंबर पुढे जायचं.

प्रत्येक पायरीला पेन्सिलीने फळीवर नागमोडी रेघा मारा. सगळ्या पुसल्या गेल्या म्हणजे निदान सगळीकडे मशीन फिरलं एवढं कळतं. शेवटच्या नंबरनंतर त्याच नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने चार-सहा वेळा ओढा. उरलीसुरली गोल चरं सरळ होतात आणि रेषांत मिसळतात.

आता त्या ‘पी’ अक्षराबद्दल, कारण त्याने मला एकदा पुरतं गंडवलं. डिस्कच्या पाठीवर कधी ‘पी३२०’ असतं, कधी नुसतं ‘३२०’. ‘पी’ म्हणजे युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेचं, फेपाचं मोजमाप. नुसता आकडा असेल तर तो बहुधा अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीचा. २२० पर्यंत दोन्ही जवळजवळ सारखे चालतात, त्यानंतर वाटा फुटतात. नुसत्या ३२० चा दाणा ३६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पी३२० चा नव्हे, पी४०० चा सख्खा भाऊ. नुसता ६०० जवळजवळ पी१२०० ला भिडतो.

कपाटाच्या दारांवर लॅकरच्या दोन थरांमधलं घासकाम चालू होतं. तीन दारं नुसत्या ३२० ने झाली, पाकीट संपलं, दुसऱ्या पाकिटातली पी३२० लावली. आकडा तोच, मनात शंकाही आली नाही. वरचा थर वाळल्यावर तीन दारं आरशासारखी आणि चौथ्यावर धुकं. अर्धा दिवस मी स्प्रे गनला शिव्या घालत होतो. मग दोन्ही डिस्का शेजारी ठेवून भिंगातून बघितल्या तर दाण्यांतला फरक स्पष्ट. तेव्हापासून एका कामात एकाच मोजमापाच्या डिस्का, शक्यतो एकाच कंपनीच्या.

कामाप्रमाणे डिस्क

नंबर बरोबर आहे, भोकं बरोबर आहेत, तरी डिस्क लगेच भरते किंवा लगेच संपते? मग डिस्कची जात चुकली.

साधं कोरं लाकूड, प्लाय, एमडीएफ यांना ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरेसं. ही रोजची डिस्क. दाणा चिवट असतो आणि हलक्या दाबालाही काम करतो. झिरकोनिया आणि सिरॅमिक हे त्याचे दणकट भाऊ. यांचे दाणे दाबाखाली तुटत राहतात आणि तुटले की नवी धार येते, म्हणून धातू, टणक लाकूड, जाड थर यांना हे फार चांगले. मऊ लाकडावर हलक्या हाताने सिरॅमिक फिरवलं, तर दाण्यांना तुटण्याएवढा जोरच मिळत नाही आणि ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले तो उपयोगात येत नाही. सिलिकॉन कार्बाइडचा दाणा सगळ्यात धारदार पण ठिसूळ. फिनिशच्या दोन थरांमध्ये, दगडावर, काचेवर आणि पाणी लावून घासायला तो उत्तम. कोऱ्या लाकडावर लवकर संपतो. डिस्कच्या रंगावरून जात ओळखू नका. कंपन्या हवा तो रंग देतात, पाठीवरचं वाचा.

डिस्क भरण्याचा प्रश्न असेल तर दाण्याच्या जातीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. पहिली, दाण्यांची पेरणी. विरळ पेरणीच्या डिस्कवर दाणे साधारण ५० ते ७० टक्के जागेवरच असतात, मधल्या मोकळ्या जागेतून भुसा निसटतो. पाइन, देवदारासारखं राळ असलेलं लाकूड, तेलकट सागवान, जुना रंग यांना हीच हवी. दाट पेरणीची डिस्क यांच्यावर पाहता पाहता चोंदते. दुसरी, स्टिअरेटचा लेप. डिस्कवर पांढरट, साबणासारखा थर दिसतो तो हाच. थोडी उष्णता लागली की तो सुटतो आणि चिकटलेली धूळ सोबत घेऊन जातो. रंग, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर), लांबी घासायला लेपाची डिस्क म्हणजे रात्र आणि दिवसाचा फरक. एकच काळजी, घासून झाल्यावर ती पांढरी भुकटी नीट पुसून काढा, विशेषतः वर पाण्यावर आधारलेलं फिनिश येणार असेल तर. भुकटी राहिली तर फिनिश ठिकठिकाणी आकसू शकतं.

रंग किंवा सीलर घासताना मशीनचा वेगही कमी करा. पूर्ण वेगाला थर तापून मऊ होतो आणि मग कुठल्याच डिस्कचा इलाज चालत नाही. आणि तो थर पुरता वाळलेला आहे ना? नखाने दाबून खूण उठत असेल तर आज घासायचंच नाही.

डिस्क कडेने फाटत असेल तर तिची पाठ बघा. कागदाला ए ते एफ अशी वजनाची अक्षरं असतात, ए सगळ्यात हलका. कोपरे, खाचा, खिळ्यांची डोकी असलेल्या कामाला सी किंवा त्याहून जड कागद घ्या, किंवा प्लास्टिक फिल्मची पाठ असलेली डिस्क. गोलाईच्या कामाला हलका कागद आणि मध्ये फोमचा मऊ पॅड. सपाट फळीवर मात्र तो फोम काढून ठेवा. मऊ पॅड मऊ रेषा जास्त आणि टणक रेषा कमी खातो, आणि आडव्या प्रकाशात फळीवर लाटा दिसतात.

पॅडचं वेलक्रो

डिस्क उडते तेव्हा लोक डिस्कच्या कंपनीला नावं ठेवतात. नवी डिस्क लावून एका कडेला धरून ओढा. चर्र असा आवाज करत, विरोध करत निघाली पाहिजे. गुपचूप हातात आली तर पॅडवरचे आकडे संपलेत. मधल्या भागापेक्षा कडेचे आकडे आधी जातात. भिंगातून बघितलं तर वितळून चपटे झालेले दिसतात. जोर लावून घासणं, मशीन कडेवर चालवणं आणि डिस्क न लावता मशीन चालू करणं, एवढ्याने हे होतं. पॅड खरवडून किंवा गोंद लावून काही साधत नाही. पॅड हा झिजणारा भाग आहे, तुमच्या मॉडेलचा नवा आणा. बहुतेक मशीनमध्ये मधला एक स्क्रू किंवा काही स्क्रू काढले की तो बदलता येतो.

डिस्क पॅडच्याच मापाची घ्या. १२५ च्या पॅडवर १५० ची डिस्क लावून ‘जास्त जागा घासली जाईल’ असा हिशेब करणारे मी पाहिलेत. लोंबणारी कड फडफडून फाटते आणि फाटता फाटता लाकूड ओरबाडते.

ब्रेक

मोठ्या कमानींचं लक्षण असेल आणि मशीन तिरपं धरत नसाल, तर ती काळी रेघ पुन्हा कामाला येते. मशीन हवेत धरून चालू करा. पॅड हळूहळू फिरलं पाहिजे, रेघ नजरेला पकडता आली पाहिजे. रेघ पुसट होऊन नुसतं वर्तुळ दिसलं, तर पॅडला अडवणारा रबरी पट्टा झिजलाय. हवेत पॅड मोटरच्या वेगाला पोचतं आणि लाकडावर टेकताक्षणी ओरबाडतं. पट्टा पॅडच्या मागेच असतो. पॅड बदलताना हाताशी येतो, सुटा मिळतो आणि सावकाश बसवला तर घरी बसतो. काही साध्या मशीनना ब्रेक नसतोच. ती टेकवूनच चालू करायची.

इथे थांबा

नवा पॅड, नवी डिस्क, चांगला ब्रेक आणि तरीही पॅड हाताने हलवल्यावर खडखडतं, चालू असताना खरखर आवाज येतो किंवा हाताला पूर्वी नव्हती अशी थरथर जाणवते? बेअरिंग गेलंय. ते दाबून बसवलेलं असतं, काढायला पुलर लागतो, आणि आतलं समतोल राखणारं वजन जरा जरी इकडेतिकडे झालं तरी मशीन आधीपेक्षा जास्त हलतं. हातोडी घेऊन बसू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. मोटरमधून मोठ्या ठिणग्या, जळका वास, गरम होणारी वायर, शॉक हे तर त्याच क्षणी प्लग काढण्याचे प्रकार आहेत. हमी चालू असेल तर एकही स्क्रू उघडू नका.

मशीन ठणठणीत असूनही थांबायचे दोन प्रसंग आहेत. एक, खूप जुना रंग. त्यात शिसं असू शकतं आणि सँडर त्याची इतकी बारीक धूळ करतो की ती घरभर बसते. लहान मुलांना तिचा धोका सगळ्यात जास्त. आधी तपासणी करून घ्या, आणि शिसं निघालं तर ते काम त्यातल्या प्रशिक्षित माणसाचं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना किंवा जुन्या फरशीखालच्या काळ्या गोंदाला सँडर लावायचा विचार असेल तर तेच लागू, तिथे ॲस्बेस्टॉसचा संशय असतो.

दुसरा, व्हिनिअर, म्हणजे प्लाय किंवा बोर्डावर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. त्याची जाडी पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वेटोळी काढायला म्हणून तुम्ही ८० पासून पुन्हा सुरू केलंत तर वेटोळी जातील आणि पाठोपाठ व्हिनिअरही. घासताना अचानक रेषा बदलल्या, वेगळ्या रंगाचा ठिपका किंवा गोंदाची चकाकी दिसली, तर मशीन उचला. त्यापुढे कुठल्याच नंबरची डिस्क उपयोगाची नाही. तो तुकडा बदलणारा किंवा रंग जुळवून डाग लपवणारा पॉलिशवाला बोलवा.

मशीन दुरुस्तीला नेताना शेवटची वापरलेली डिस्क पॅडवर तशीच राहू द्या, आणि चरे पडलेला लाकडाचा एखादा तुकडा सोबत न्या. साफ करून नेलेल्या मशीनमधून दोष शोधायला मला दुप्पट वेळ लागतो.